जुन्या घड्याळाचं ल्यूम कसं वाचायचं: रेडियम, ट्रिटियम आणि त्यानंतरचं

जुनं रोलेक्स किंवा ओमेगा बघायला बसलात की विकणारा डायलवरच्या पिवळट ठिपक्यांकडे बोट दाखवून म्हणतो, "पॅटिना (वयाने चढलेला रंग) बघा, सगळं ओरिजिनल आहे." ते ठिपके म्हणजे ल्यूम, अंधारात वेळ दिसावी म्हणून आकड्यांवर आणि काट्यांवर लावलेला चमकणारा लेप. त्याचा रंग किती देखणा आहे हा नंतरचा प्रश्न. या नादाला नव्याने लागलेल्याने ल्यूमकडे आधी घड्याळाचा जन्मदाखला म्हणून बघावं. ही नोंद चार ठिकाणी असते: डायलवर, काट्यांवर, बेझलच्या, म्हणजे काचेभोवतीच्या फिरत्या कड्याच्या, ठिपक्यात (बेझल असेल तर) आणि सहाच्या आकड्याखाली छापलेल्या बारीक अक्षरांत. सगळ्या नोंदी एकाच काळाची साक्ष देत असतील तर रंगाचे पैसे द्या. देत नसतील तर भाव पाडून मागा, नाहीतर चहा संपवून उठा.

बरोबर फार काही न्यावं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, नोटा तपासायला वापरतात तसला छोटा यूव्ही टॉर्च आणि अंधार करता येईल अशी खोली एवढं पुरतं.

पायरी १: तीन पिढ्या समजून घ्या

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही वस्तूला सरसकट रेडियम म्हणतात, अगदी गाडीच्या नंबरप्लेटवरच्या स्टिकरलासुद्धा. त्यामुळे दुकानदार "रेडियमचं डायल" म्हणाला तर त्यावरून काहीच कळत नाही. त्या लेपात खरोखर काय आहे ते आपण शोधायचं.

पहिली पिढी खऱ्या रेडियमची. क्युरी दाम्पत्याने १८९८ मध्ये रेडियम शोधलं आणि पुढच्या काही वर्षांतच ते घड्याळांवर आलं. रेडियम स्वतः डायल उजळवत नाही. त्याच्यातून निघणारे अल्फा कण शेजारच्या झिंक सल्फाइडच्या स्फटिकांवर आदळतात आणि ते स्फटिक हिरवट चमकतात. चमक रात्रंदिवस चालू राहते, तिला उन्हात ठेवावं लागत नाही. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकांना हे वरदान वाटलं. त्याची किंमत मोजली ती डायल रंगवणाऱ्या मुलींनी. न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी यूएस रेडियम कॉर्पोरेशनच्या कारखान्यात ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं जाई. रेडियम हाडांत जाऊन बसलं, जबडे झिजले, अनेकींचा जीव गेला. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार सहकारी कोर्टात गेल्या. १९२८ मध्ये तडजोड झाली. स्वित्झर्लंडमध्ये जुरा डोंगररांगांच्या पट्ट्यात हे काम घरोघरी चालायचं. तिथल्या घरांत उरलेलं रेडियम शोधून साफ करायला स्विस सरकारने २०१५ मध्ये खास मोहीम हाती घेतली. म्हणजे घड्याळं मोडीत गेल्यावरही खोल्यांतलं रेडियम शिल्लकच होतं.

तसं ते शिल्लक असणारच. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं संपायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षं आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या डायलवरचं जवळजवळ ९७ टक्के रेडियम आजही जागेवर आहे. तरीही ते डायल अंधारात मिट्ट काळं दिसतं, कारण मरतं ते झिंक सल्फाइड. अल्फा कणांचा मारा त्याच्या स्फटिकांची रचना उद्ध्वस्त करतो. चमक गेली म्हणजे किरणोत्सार गेला असं समजणं ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे.

दुसरी पिढी ट्रिटियमची. हा हायड्रोजनचा किरणोत्सारी भाऊबंद. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्विस कंपन्या रेडियम सोडून याच्याकडे वळल्या. त्याचे बीटा कण इतके दुबळे असतात की घड्याळाची काच त्यांना सहज अडवते, कातडीचा वरचा मृत थरसुद्धा पुरतो. पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम १२.३ वर्षं. हिशेब सोपा आहे: साधारण २५ वर्षांनी पाव, ३७ वर्षांनी आठवा हिस्सा आणि ४९ वर्षांनी सोळावा हिस्सा उरतो. शिवाय स्फटिकही थकतात, त्यामुळे प्रत्यक्ष चमक या हिशेबापेक्षाही आधी मावळते. १९७० च्या सुमाराचं रोलेक्सचं सबमरिनर अंधारात दिसत नाही, ते यामुळे. ते दिसायला नकोच. त्याकडे परत येऊ.

तिसरी पिढी किरणोत्साराशिवायची. जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये ल्युमिनोव्हा आणलं: युरोपियम आणि डिस्प्रोशियम मिसळलेलं स्ट्रॉन्शियम अल्युमिनेट. ते उजेड साठवतं आणि अंधारात हळूहळू परत देतं. १९९८ मध्ये नेमोतोने स्वित्झर्लंडमधल्या आरसी ट्रायटेकबरोबर भागीदारी केली. तिथून आलेलं सुपर-ल्युमिनोव्हा आज बहुतेक स्विस घड्याळांवर असतं. सेइको त्यांच्या लेपाला ल्युमिब्राइट म्हणते. रोलेक्सने २००८ मध्ये आपल्या डीपसी मॉडेलवर निळ्या चमकीचं क्रोमालाइट आणलं.

पायरी २: सहाच्या खालची अक्षरं वाचा

भिंग सगळ्यांत आधी इथे लावा. डायलच्या अगदी खालच्या कडेला, काचेच्या काठाशी बारीक इंग्रजी अक्षरं असतात. ‘टी स्विस टी’, ‘टी स्विस मेड टी’ किंवा ‘स्विस – टी<२५’ असेल तर डायल ट्रिटियमचं म्हणून छापलेलं आहे. २५ म्हणजे २५ मिलिक्युरीपेक्षा कमी किरणोत्सार. ब्रिटिश लष्कराच्या घड्याळांवर वर्तुळात टी असतो. जर्मन लष्करासाठी बनलेल्या हॉयरच्या ‘बुंड’ क्रोनोग्राफवर (स्टॉपवॉच असलेल्या घड्याळावर) लाल वर्तुळात ‘३एच’ दिसतं, तेही ट्रिटियमचंच चिन्ह.

रोलेक्सपुरता क्रम साधारण असा लागतो. १९९७-९८ पर्यंत ‘स्विस – टी<२५’, नंतर वर्ष-दोन वर्षं नुसतं ‘स्विस’, मग २००० च्या सुमाराला ‘स्विस मेड’. यात एक खोच आहे. रेडियमच्या काळातल्या डायलवरही टी नसायचा, बऱ्याचदा नुसतं ‘स्विस’ असायचं. तेव्हा एकटं ‘स्विस’ दिसलं तर डायल १९५० च्या दशकातलं असेल किंवा १९९८ चं. केस (घड्याळाचं बाहेरचं कवच), सिरियल नंबर आणि पुढच्या पायऱ्या त्याचा निकाल लावतात.

१९६० ते १९६४ च्या आसपासच्या रोलेक्स डायलांवर कधी सहाच्या खुणेखाली एक जादा ठिपका, तर कधी मजकुराखाली छोटी आडवी रेघ आढळते. ती रेडियम कमी केल्याची किंवा ट्रिटियमकडे वळल्याची खूण, असा संग्राहकांचा कयास आहे. कंपनीने तसं कधी अधिकृतपणे सांगितलेलं नाही. पण त्या ठिपक्यापायी किंमत खूप चढते आणि तसा ठिपका मागाहून रंगवणं फार सोपं असतं. नवख्याने या वाटेला जाऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

१९७० च्या दशकात काही डायलांवर दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मा दिसतो. त्याचा ल्यूमशी काही संबंध नाही. डायलवरच्या खुणा किंवा काटे सोन्याचे आहेत, एवढंच तो सांगतो.

पायरी ३: अंधारात न्या

सगळ्यांत जास्त सांगून जाणारी चाचणी ही, आणि तिला खर्च शून्य. घड्याळाला आधी उजेड न दाखवता अंधाऱ्या खोलीत दहा-पंधरा मिनिटं बसा, डोळे सरावू द्या. १९९० च्या दशकातलं ट्रिटियम असेल तर एखादी अगदी फिकी, स्थिर झाक दिसेल. साठ-सत्तरच्या दशकातलं असेल तर काही दिसणार नाही.

आता यूव्ही टॉर्च काही सेकंद डायलवर धरा आणि बंद करा. टॉर्चखाली काय होतं त्यापेक्षा बंद केल्यावर काय होतं ते बघायचं. ट्रिटियमचा लेप टॉर्चखाली चांगला उजळतो, कारण त्यातल्या झिंक सल्फाइडमध्ये अजून थोडी धुगधुगी असते. टॉर्च काढला की काही सेकंदांत, फार तर थोड्या वेळात, तो विझतो. रेडियमचा जळून गेलेला लेप टॉर्चखालीही मंदच राहतो किंवा अजिबात उजळत नाही. ल्युमिनोव्हा आणि त्याची भावंडं टॉर्च बंद झाल्यावर झगझगीत राहतात आणि मिनिटं, तास टिकतात.

म्हणजेच १९६८ चं म्हणून दाखवलेलं घड्याळ जर अर्ध्या तासानंतरही हिरवं चमकत असेल तर आनंद मानू नका. लेप नव्याने भरलेला आहे किंवा सर्व्हिसिंगमध्ये डायलच बदललं आहे. जुन्या घड्याळाची चमक जितकी चांगली तितकी शंका अधिक, हे सुरुवातीला उलटं वाटतं, पण दोन-चार घड्याळं तपासली की डोळ्यांत बसतं.

काटे आणि डायल एकत्र बघा. दोन्ही एकाच वेगाने विझले पाहिजेत. डायल लगेच विझलं आणि काटे चमकत राहिले तर काटे नंतरचे. असं फार वेळा आढळतं, कारण काटे बदलणं स्वस्त असतं. ही फसवणूकच असते असंही नाही. वीस वर्षांपूर्वी मालकाने सर्व्हिसला दिलं असेल आणि कारागिराने नवे काटे बसवून दिले असतील. पण किंमत ठरवताना ते धरायचं.

पायरी ४: भिंगाखाली रंग आणि पोत

ट्रिटियमचा लेप नवा असताना पांढरट असतो. पुढे साय, साजूक तुपाचा पिवळा, मग मधासारखा आणि क्वचित भोपळ्याचा केशरी. रंग बदलतो तो स्फटिक आणि त्यांना धरून ठेवणारं वार्निश या दोघांच्या म्हातारपणामुळे. किरणोत्सार, ऊन आणि ओल तिन्ही त्याला हातभार लावतात. झिंक सल्फाइडला ओल आणि ऊन एकत्र मिळालं की ते करडं, काळपट होऊ लागतं. म्हणून एकाच सालची, एकाच मॉडेलची दोन घड्याळं वेगळी दिसू शकतात: एक तिजोरीत राहिलेलं, दुसरं मनगटावर उन्हापावसात फिरलेलं. रंगावरून वय सांगणारा माणूस भेटला तर त्याचं ऐकून घ्या आणि सहाच्या खाली भिंग लावा.

डायल आणि काट्यांच्या छटेत थोडा फरक असला तर घाबरू नका. काटे आणि डायल पुष्कळदा वेगवेगळ्या पुरवठादारांकडून यायचे, लेपाची घोटाई वेगळी असायची. काट्यांवरचा लेप पातळ असतो, त्याला चिरा पडतात. संशय घ्यावा तो सगळीकडे अगदी एकसारखा केशरी रंग असला तर. खरं म्हातारपण थोडं ओबडधोबड असतं: एखाद्या ठिपक्यावर बुरशीचा डाग, कडेला जरा गडदपणा, दाणेदार पृष्ठभाग. नव्याने भरलेल्या लेपात रंगद्रव्य मिसळून जुनेपणा आणलेला असतो. भिंगाखाली त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि फुगीर दिसतो, कधी तो धातूच्या चौकटीवर ओघळलेला असतो, कधी खाली जुन्या लेपाचा घेर डोकावतो.

रेडियमची मात्र एक खूण नक्कल करायला अवघड. घड्याळ वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं असेल तर काटे जिथे थांबले होते तिथे डायलवर त्यांची तपकिरी सावली उमटते. काट्यावरच्या रेडियमने खालचा रंग जाळलेला असतो. अशी सावली आणि काट्यांचा आकार जुळत असेल तर ते डायल आणि ते काटे दीर्घकाळ एकत्र होते, याचा तो चांगला पुरावा.

बेझलवरच्या एकट्या ठिपक्यावरून निष्कर्ष काढू नका. तो काचेबाहेर असतो, पडतो, बदलला जातो. जुळला तर उत्तम.

नव्या घड्याळांचा जुना रंग हे प्रकरण वेगळं. २०१४ चं ओमेगा सीमास्टर ३०० किंवा २०१८ चं ट्यूडर ब्लॅक बे फिफ्टी-एट यांच्यावरचा पिवळसर लेप कारखान्यातूनच तसा येतो. ते रंगवलेलं सुपर-ल्युमिनोव्हाच. आवडत असेल तर जरूर घ्या, त्यात लबाडी नाही. फक्त तो रंग पुढे आणखी पिकेल अशी आशा धरू नका.

पायरी ५: आपल्या बाजारातली डायलं

चोर बाजारात किंवा इंटरनेटवर भारतातून विकली जाणारी कित्येक जुनी घड्याळं पुन्हा रंगवलेल्या डायलांची असतात. परदेशातले संग्राहक तर अशा घड्याळांना थेट ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, आणि ते कौतुक नव्हे. भडक रंग, जाड अक्षरं आणि आकड्यांवर चमकणाऱ्या रंगाचे ताजे ठिपके. वेस्ट एंड, फावर-ल्यूबा यांच्यासारख्या, मुंबईशी जुनं नातं असलेल्या स्विस नावांवर हा प्रयोग फार झाला आहे, आपल्या एचएमटीवरही. वापरायला म्हणून घ्यायला हरकत नाही. पण वेस्ट एंडच्या सोवार प्राइमाचं न रंगवलेलं, डागाळलेलं डायल मिळालं तर ते चकचकीत डायलपेक्षा अधिक मोलाचं, हे विसरू नका.

एक धोका इथे खास आहे. डायल रंगवणाऱ्याने जुना रेडियमचा लेप खरवडून काढला असेल तर ती भुकटी केसच्या आत, यंत्राच्या चाकांमध्ये राहिलेली असू शकते. डायल नवं दिसतं म्हणून घड्याळ रेडियममुक्त आहे असं धरू नका.

पायरी ६: रेडियम घरी आणायचं तर

मनगटावर कधीमधी घालायला फार भीती नको, पण घरात ठेवण्याचे नियम कडक पाळा. अल्फा कण काचेत अडकतात. रेडियमपासून पुढे तयार होणाऱ्या मूलद्रव्यांची गॅमा किरणं मात्र बाहेर येतात, म्हणून गायगर काउंटर (किरणोत्सार मोजणारं यंत्र) जवळ नेला की तो कडकडतो. ट्रिटियमच्या घड्याळापाशी तो गप्प राहतो. दोन्हींतला फरक ओळखायची ही सर्वांत खात्रीची रीत.

खरा धोका धुळीचा आणि वायूचा. मागचं झाकण किंवा काच स्वतः उघडू नका, लेप खरवडू नका, सुटे रेडियमचे काटे फुंकून साफ करू नका. पोटात किंवा फुप्फुसात गेलेला कण बाहेरच्या हजार कणांपेक्षा वाईट. रेडियमपासून रेडॉन वायू बनतो आणि तो घड्याळातून झिरपतो. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या नॉर्दम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ३० जुन्या लष्करी घड्याळांचा संग्रह तपासला, तेव्हा बंद खोलीतलं रेडॉनचं प्रमाण सुरक्षित पातळीच्या कितीतरी पट वर गेलेलं आढळलं. एखाद-दुसरं घड्याळ असेल तर हवेशीर खोलीत, उशापासून आणि मुलांपासून लांब ठेवा. पंधरा-वीस जमली असतील तर झोपण्याच्या खोलीत कपाट ठेवण्याचा विचार सोडा.

इथे आपल्या हवेमुळे पेच पडतो. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात घड्याळं सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावीत, हा सल्ला ट्रिटियमला अगदी योग्य. स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटलाही तोच लागू, कारण त्याचा खरा शत्रू पाणी आहे. ओल आत शिरली की त्याचं रासायनिक विघटन होतं, म्हणून तर त्याच्या कणांवर संरक्षक थर देतात. पण रेडियमचं घड्याळ हवाबंद डब्यात ठेवलं की रेडॉन तिथेच साचतो. त्यासाठी वेगळा डबा करा, आणि तो उघडाल तेव्हा खिडकीपाशी किंवा गॅलरीत उघडा.

पायरी ७: कारागिराकडे देताना

सगळ्यांत जास्त जुनं ल्यूम सर्व्हिसिंगमध्येच नष्ट होतं. कंपन्यांच्या अधिकृत केंद्रांचा कल चमकत नसलेली डायलं आणि काटे बदलण्याकडे असतो. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, घड्याळ अंधारात दिसलं पाहिजे. पण ट्रिटियमचं मूळ डायल गेलं की संग्राहकांच्या बाजारातली किंमतही बरीच जाते. देण्याआधी डायलचे जवळून फोटो काढा. पावतीवर लिहून घ्या: डायल आणि काटे बदलायचे नाहीत, लेप भरायचा नाही, काढलेला प्रत्येक भाग परत द्यायचा. तोंडी सांगितलेलं टेबलाच्या पलीकडे पोचत नाही.

काट्यांतला लेप चिरलेला असेल तर दुर्लक्ष करू नका. सुटलेला तुकडा यंत्रात पडून ते अडकवू शकतो. चांगला कारागीर काटा काढून मागच्या बाजूने लाखेचा पातळ थर देतो आणि लेप तिथेच धरून ठेवतो. पुढून काहीच दिसत नाही. घड्याळ रेडियमचं असेल तर ते कारागिराला आधी सांगणं तुमचं काम. झाकण तो उघडणार आहे, तुम्ही नाही.

आणि बॉल किंवा ल्युमिनॉक्ससारख्या घड्याळांत लेपाऐवजी ट्रिटियम वायूच्या काचेच्या बारीक नळ्या असतात. त्या रात्रभर न थकता चमकतात. पण तेच १२.३ वर्षांचं गणित त्यांनाही लागू, आणि कितीही ऊन दाखवलं तरी त्या ‘चार्ज’ होत नाहीत. जुनं घेताना उत्पादनाचं साल विचारा. वीस वर्षं उलटलेली असतील तर नळ्या बदलण्याचा खर्च आधीच भावातून वजा करा.